आधी चिमटा, मग चॅप्टर

गेले काही आठवडे मी भेटेल त्याला थांबवून एकच गोष्ट सांगते आहे. घरात सगळ्यांची ऐकून झाली, स्टाफरूममध्ये दोनदा झाली, कँटीनच्या मामांना तर ती आता पाठ आहे आणि मी एखादा तपशील विसरले की तेच तो पुरवतात. आता तुमची पाळी.

2001 साल. अमेरिकेत बॉस्टनजवळ नीडहॅम नावाच्या गावी एक नवं इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहत होतं, ऑलिन कॉलेज. अभ्यासक्रम ठरायचा होता, नियमित वर्ग 2002 मध्ये सुरू व्हायचे होते. कुठल्याही शहाण्या संस्थेने मधल्या वर्षात टेबलाभोवती तज्ज्ञ बसवले असते. यांनी 30 मुलं बोलावली, 15 मुलगे आणि 15 मुली, बारावीच्या वयाची. त्यांना म्हणाले, वर्षभर इथे राहा आणि इंजिनिअरिंग कसं शिकवावं हे आमच्याबरोबर शोधून काढा. त्या वर्षाचं नावच ‘पार्टनर इयर’. थांबा, खरी गंमत पुढे आहे. त्या वर्षात प्राध्यापकांनी काही मुलांपुढे एक काम टाकलं: पल्स ऑक्सिमीटर बनवा. मुदत 5 आठवडे. मुलांना ना सर्किट शिकवलेली, ना सिग्नल प्रोसेसिंग. प्राध्यापकांचा अंदाज होता की हे काही जमायचं नाही, पण पोरं नेमकी कुठे अडतात ते कळेल आणि आधी काय शिकवायचं ते ठरवता येईल. 5 आठवड्यांनी मुलांनी यंत्र समोर ठेवलं. दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून पाहिलं. चालत होतं!

कॉलेजचे पहिले अध्यक्ष रिचर्ड मिलर ही गोष्ट पुढे अनेक वर्षं व्याख्यानांतून सांगत आले. मी ती ऐकली रात्री उशिरा, मोबाइलवर, भांडी घासून झाल्यावर. आणि मग झोप कसली लागते!

कारण मी सातारा जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, आणि आमच्याकडचा क्रम कसा अगदी पक्का आहे. पहिल्या वर्षी गणिताचे एम-वन, एम-टू, फिजिक्स, केमिस्ट्री. दुसऱ्या वर्षी डिव्हाइसेस, सर्किट्स, नेटवर्क. तिसऱ्या वर्षी सिग्नल्स, कंट्रोल. हे सगळं पोटात गेलं की शेवटच्या वर्षी कधी तरी एक वस्तू बनवायची. तोवर मुलांचं लक्ष प्लेसमेंटकडे लागलेलं असतं, मग ती वस्तू आयती येते, रिपोर्टसकट. हे सगळ्यांना माहीत असतं आणि वायवाला सगळेच माहीत नसल्यासारखे बसतात. आणि तिकडे ती मुलं! पहिला धडा सुरू व्हायच्या आधीच वस्तू! मला तर वाटलं, आपल्या इमारतीचा तळमजला कोणी तरी उचलून गच्चीवर नेऊन ठेवला.

आणि वस्तूही कोणती, तर ऑक्सिमीटर. 2020-21 मध्ये, कोविडच्या काळात, महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत तो आला. मेडिकलमध्ये मिळेनासा झाला होता, शेजारीपाजारी एकमेकांचा मागून नेत होते, आकडा 94 च्या खाली गेला की पोटात गोळा यायचा. आता तो कपाटात थर्मामीटरशेजारी पडलेला असतो, सेल संपलेला. बोटातून उजेड पाठवून रक्तातला ऑक्सिजन कसा कळतो, हे त्या सगळ्या दिवसांत आमच्या घरी कोणी विचारलं नाही, आणि घरात तर एक इलेक्ट्रॉनिक्सची प्राध्यापिका राहते.

तेव्हा सेमिस्टर सुरू झाल्याबरोबर मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात टेबलावर एक ऑक्सिमीटर ठेवला, स्क्रू काढून उघडा केलेला, आणि सांगितलं: मिनी प्रोजेक्ट म्हणून हे बनवायचं. सगळं तयार करून देणारं आयतं सेन्सर मॉड्यूल चालणार नाही. एलईडी, फोटोडायोड, ऑप-अ‍ॅम्प, आर्डुइनो, बस्स. वर्गाचा पहिला प्रश्न: “मॅडम, किती मार्कांना?” दुसरा: “सर्किट डायग्राम कधी देणार?” तिसरा, मागच्या बाकावरून: “पण ऑप-अ‍ॅम्प अजून शिकवलाच नाही.” मी म्हटलं, हो ना, नाहीच शिकवला. अशी शांतता पसरली की पंख्याची कुरकुर ऐकू यावी.

मग जे झालं ते सांगताना मला अजून धाप लागते.

त्यांनी आधी आत काय आहे ते पाहिलं. एका बाजूला दोन एलईडी, समोर एक डिटेक्टर, मध्ये बोट. एक एलईडी लाल, साधारण 660 नॅनोमीटरचा. दुसरा इन्फ्रारेड, 940 चा, डोळ्यांना न दिसणारा. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन इन्फ्रारेड जास्त शोषतं, ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन लाल जास्त शोषतं. इतकंच! या दोन फरकांचं गणित म्हणजे तो कपाटातला आकडा. आता 940 चा एलईडी आणायचा कुठून? पुण्याला बुधवार पेठेत मिळतो, पण एसटीने जाऊन यायला दिवस जातो. तर कोरेगावकडचा एक मुलगा म्हणाला, टीव्हीच्या रिमोटमध्ये तोच असतो की. आणि खरंच असतो! दुसऱ्या दिवशी खराब रिमोट गोळा झाले. दिसत नाही तर पेटला हे कळणार कसं? मोबाइलचा कॅमेरा समोर धरला, स्क्रीनवर जांभळट ठिपका. वर्गभर आरडाओरडा. हे मी त्यांना शिकवलेलं नाही, बरं का. मला स्वतःला ते करून पाहायचं कधी सुचलं नव्हतं.

बोट पकडायला काय? थ्रीडी प्रिंटरवर बनवू या, असं एकाने सुचवलं. प्रिंटर बंद होता (तो बहुधा बंदच असतो, तपासणी पथक येतं तेव्हा चालतो). तोवर एका मुलीने हॉस्टेलच्या दोरीवरचा कपड्यांचा चिमटा काढून आणला, दोन्ही जबड्यांना भोकं पाडली, एकीकडे एलईडी, दुसरीकडे डिटेक्टर. झालं यंत्र.

पहिला सिग्नल आला. सुंदर, नियमित लाट! मुलं नाचायला लागली. एकीने हळूच बोट काढून घेतलं, लाट तशीच. ती नाडी नव्हतीच, ट्यूबलाइट होती. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो, ते डोळ्यांना कळत नाही पण फोटोडायोडला कळतं. फिल्टर हा विषय आमच्याकडे बराच पुढे येतो. त्या दुपारी माझ्याभोवती कोंडाळं करून मुलं म्हणाली, “मॅडम, हे घालवायचं कसं, आत्ता सांगा.” इतक्या वर्षांत फिल्टरसाठी कोणी माझ्या मागे लागलं नव्हतं! मी खडू घेतला आणि कटऑफ फ्रिक्वेन्सीचं सूत्र मांडलं. सबंध वर्गाने ते लिहून घेतलं, आणि लगेच सगळे रेझिस्टर शोधायला पळाले. नाडीची लाट एकूण उजेडाच्या एक-दोन टक्के असते, बाकी सगळा अडथळा. तेवढं एक-दोन टक्के वर काढायला वाढवणं, गाळणं, मोजणं आलं. माझा अर्धा सिलॅबस त्या चिमट्यात बसला होता.

याच सुमारास मुलांनी ताकुओ आओयागी शोधून काढले. टोकियोच्या निहोन कोडेन कंपनीतले इंजिनिअर. ते खरं तर दुसरंच काही मोजत होते. रक्तात रंग सोडून कानापाशी उजेडाने तो मापायचा आणि हृदय किती रक्त ढकलतं ते काढायचं. पण नाडीच्या ठोक्यांमुळे वक्ररेषा सारखी थरथरायची आणि माप बिघडायचं. हा थरकाप घालवायच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आलं की फक्त धमनीतलं रक्तच ठोक्याबरोबर हलतं, म्हणजे जो अडथळा काढून टाकायचा तोच नेमकी धमनीची बातमी देतो आहे. 1974 मध्ये त्यांनी हे मांडलं. 2020 च्या एप्रिलमध्ये ते गेले, सारं जग त्यांच्या यंत्रात बोट घालून बसलेलं असताना. मुलांनी हे वाचलं आणि ट्यूबलाइटच्या लाटेकडे परत आदराने पाहिलं.

मग श्वास रोखायचा प्रयोग. पोहणाऱ्या एका मुलाने श्वास धरला, आकडा हलेना. लाल झाला, हलेना. शेवटी त्याने श्वास सोडला, हसला, पाणी प्यायला, आणि तेव्हा आकडा खाली गेला! कोडमध्ये बग आहे म्हणून दोघे बसले शोधत. बाजारातला ऑक्सिमीटर लावून पाहिला तर तोही उशिराच पडतो. फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, बोटावरचा आकडा थोड्या जुन्या क्षणाचा असतो. इलेक्ट्रॉनिक्सची मुलं संध्याकाळी सहाला शरीरशास्त्राचं पुस्तक मागत होती. ग्रंथपाल बाईंनी मला फोन करून खात्री केली.

यंत्र रुग्णाला लावण्याजोगं आहे का? मुळीच नाही. खरं यंत्र स्वयंसेवकांच्या रक्ताच्या नमुन्यांशी जुळवून घ्यावं लागतं, ते आमच्या आवाक्याबाहेरचं. मुलांनी डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे: शिकण्यासाठी, उपचारासाठी नाही.

इथे आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला थांबवलं. म्हणाले, “मॅडम, ऑलिनच्या मागे अख्खं फाउंडेशन होतं, मुलं निवडून घेतलेली, फी माफ. आपल्या वर्गात साठ-सत्तर मुलं, निम्म्यांना केटी, मागचे विषय राहिलेले.” मुद्दा चोख आहे आणि ऑलिनविषयी लिहिणारे पुष्कळ लोक तो गिळून टाकतात. पण पैशाचा मुद्दा निघाला की मी पाबळ काढते. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, कोरडवाहू गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात होते. ते सगळं सोडून त्यांनी 1983 मध्ये तिथे विज्ञान आश्रम काढला. शाळेत नापास झालेली, शाळा सुटलेली पोरं घेतली आणि त्यांच्या हाती वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती दिली. गावाला लागणारी कामं करायची, त्याचे पैसे घ्यायचे, आणि करता करता त्यातलं विज्ञान शिकायचं. एमआयटीचे नील गर्शेनफेल्ड जगभर फॅब लॅब काढायला निघाले तेव्हा अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक 2002 मध्ये पाबळला झाली. म्हणजे जे ऐकून माझी नीडहॅमच्या नावाने झोप उडाली, ते ऑलिनच्या कितीतरी आधीपासून आमच्यापासून काही तासांच्या एसटीवर चालू होतं! नापास मुलांना जमतं आणि पास झालेल्यांना आपण शेवटच्या वर्षापर्यंत थांबवतो, हे कोणी तरी मला समजावून सांगा.

शोधत गेलं की आणखी मागे जाता येतं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत जॉन अर्नल्ड नावाचे प्राध्यापक मुलांना एका काल्पनिक ग्रहावरच्या लोकांसाठी वस्तू बनवायला लावत. ग्रहाचं नाव आर्क्ट्युरस फोर, हवेत मिथेन, रहिवासी पक्ष्यांसारखे, हालचालींना अतिशय मंद. त्यांच्यासाठी गाडी बनवा! आपल्या सवयीचा हात, आपल्या सवयीची घाई, काहीच कामाचं नाही, समोरचा जीव नीट समजून घेतल्याशिवाय रेघ ओढता येत नाही. अर्नल्ड 1957 मध्ये स्टॅनफर्डला गेले, तिथे ही परंपरा रुजली, आणि बऱ्याच वर्षांनी डेव्हिड केली आणि मंडळींनी तिथेच डी-स्कूल उभारलं, जिथून ‘डिझाइन थिंकिंग’ हे नाव सगळीकडे पसरलं. आपल्याकडे ते पोहोचलं ते रंगीत चिकटचिठ्ठ्यांच्या कार्यशाळेच्या रूपात. मी अशा कार्यशाळांना बसले आहे. भिंत छान दिसते, प्रमाणपत्रही मिळतं. पण पक्ष्यांसारखा तो रहिवासी त्या खोलीत कधीच नसतो.

आमचा रहिवासी आम्हाला उपकेंद्रात भेटला.

चिमटा चालायला लागल्यावर मुलांना वाटलं, संपलं. मी म्हटलं, आता हे यंत्र रोज वापरणाऱ्या बाईंकडे जाऊ, आपलं न दाखवता नुसतं त्यांचं पाहायला. जवळच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात आशाताई, म्हणजे गावातल्या आशा स्वयंसेविका, भेटल्या आणि त्यांनी आम्हाला घरोघरी बरोबर फिरू दिलं. मुलांना सांगितलं होतं, सुधारणा सुचवायच्या नाहीत, विचारायचं आणि लिहायचं. एकाला तेही जड गेलं. पहिल्याच घरी तो ‘ताई, यात ब्लूटूथ टाकलं तर’ म्हणून सुरू झाला. ताई म्हणाल्या, “भाऊ, आधी सेल टाका.” सेल नव्हतेच. नातवाने रिमोटला लावले होते.

वह्यांत काय काय आलं! ताई पेशंटच्या समोर बसतात, यंत्राचा आकडा मात्र पेशंटकडे तोंड करून, म्हणून त्या मान वाकडी करून उलटा वाचतात, आणि 69 उलटं धरलं तरी 69 च दिसतं हे एका मुलीच्या तिथेच लक्षात आलं. 96 चं तसंच. आजींचे हात इतके गार की आकडाच येईना, ताईंनी त्यांची बोटं स्वतःच्या तळव्यांत धरून चोळली, मग आला. नवरीच्या बोटांना नेलपॉलिश. सगळी तपासणी अंगणात, कारण घरात अंधार, आणि उन्हात डिटेक्टर गांगरतो; ट्यूबलाइटशी झुंजलेल्या मुलांना ते सांगावं लागलं नाही. उन्हात रापलेल्या हातांवर आकडा बरोबर येतो का, असं एकाने विचारलं, आणि परत आल्यावर त्यानेच शोधून काढलं की 2020 च्या डिसेंबरमध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं होतं: कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ऑक्सिजन कमी असूनही यंत्राने तो ठीक दाखवण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट. दवाखान्यांत वर्षानुवर्षं वापरात असलेलं यंत्र! वर्गात त्या दिवशी मला काही बोलावंच लागलं नाही.

बसमध्ये परतताना मुलं भांडत होती. आपण बनवला तसा ऑक्सिमीटर कोणालाच नको आहे, तो बाजारात स्वस्त मिळतो, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. मग ताईंना काय हवं आहे? शेवटी निघाली एक टोपी. काळ्या जाड कापडाची, बोट आणि यंत्र दोन्ही झाकणारी, आतून मऊ अस्तर म्हणजे ऊब राहते, वर आकड्यापुरती खिडकी, बाजूला दोन जादा सेलचा कप्पा, झिप लावलेला, नातवापासून सुरक्षित. इलेक्ट्रॉनिक्स शून्य! फिल्टरवर इतका जीव काढून शेवटी उत्तर शिवणयंत्रावर निघालं, आणि कोणाला त्याचं वाईट वाटलं नाही. मला मात्र क्षणभर वाटलं, खरं सांगते. माझा विषय आहे हो तो.

पहिल्या टोप्या एका मुलाच्या आईने फुकट शिवून दिल्या. पुढच्यांसाठी गावातल्या शिवणकाम करणाऱ्या काकूंकडे गेलो, तर त्यांनी कापड उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “नगाला शिलाई काय देणार? आणि खिडकी गोल कशाला, चौकोनी करा, निम्म्या वेळात होईल.” उद्योजकतेवर मी ऐकलेल्या सगळ्या पाहुण्या व्याख्यानांपेक्षा त्या दोन वाक्यांत जास्त माल होता. खिडकी चौकोनी झाली. मुलांनी वहीत कापड, अस्तर, झिप, शिलाई, जाणंयेणं असं मांडलं आणि मग प्रश्न पडला की पैसे देणार कोण: ताई, ग्रामपंचायत, की यंत्र विकणारा मेडिकलवाला? एक गट चक्क मेडिकलवाल्याकडे गेला. तो म्हणाला, यंत्राबरोबर फुकट द्याल तर ठेवतो. पोरं चिडून आली. मी आनंदाने उडी मारायची बाकी होते, कारण ‘ग्राहक कोण’ हा प्रश्न फळ्यावर लिहून कधी कोणी चिडलेलं मी पाहिलेलं नाही.

अमेरिकेत इंजिनिअरिंग कॉलेजांचं एक जाळं आहे, केईईएन नावाचं, 2005 पासूनचं. त्यांनी उद्योजक वृत्तीचे तीन भाग सांगितले आहेत: जिज्ञासा, गोष्टी एकमेकींशी जोडणं, आणि कोणासाठी तरी मोलाचं काही घडवणं. तिन्ही मला मान्य. पण आमच्या वर्गात ती शिकवावी लागली असं मला दिसलं नाही. रिमोट फोडणारा मुलगा जिज्ञासा घेऊनच आला होता, चिमटा आणणारी मुलगी जोडणी घेऊन. दोघंही दोन सेमिस्टर गप्प बसून होते, कारण धडा संपायचा होता. आपण फक्त एवढंच म्हणायचं होतं की थांबू नका!

हुरळून गेले आहे, कबूल. अर्धे गट अडखळले, दोन गटांचा सिग्नल शेवटपर्यंत आला नाही, आणि एक मुलगा स्पष्ट म्हणाला की त्याला आधी नोट्स हव्या होत्या. त्याचंही खरं आहे. त्याला मी नोट्स दिल्या, आणि त्या वाचून त्याने दुसऱ्या गटाचा फिल्टर दुरुस्त केला. बाह्य परीक्षकांनी टोपी हातात घेऊन विचारलं, “यात इंजिनिअरिंग कुठे आहे?” आणि मुलं एकदम, एकमेकांना ढकलत, इतकी बोलायला लागली की त्यांना हात वर करावा लागला. गुण बरे दिले. आता हे सगळं कुठल्या कोर्स आउटकममध्ये बसतं, याचा तक्ता मी भरते आहे. रकाने कमी पडताहेत.

आणि परवा पहिल्या वर्षाची पोरं स्टाफरूमच्या दारात उभी! त्यांच्या गावच्या डेअरीत दुधाची फॅट मोजणारं मशीन आहे. आकडा सचिवांना दिसतो, दूध घालणाऱ्या बाईला दिसत नाही, आणि रोज सकाळी त्यावरून वाद होतो. मशीनच्या आत काय आहे, मॅडम? कोणी सांगितलं, त्यात अल्ट्रासाउंड असतो. दुधाच्या फॅटमधलं मला ओ की ठो कळत नाही. रविवारी पहाटे संकलनाच्या वेळेला जायचं ठरलं आहे. सचिवांनी मशीन उघडू द्यायचं कबूल केलेलं नाही, नुसतं बघायला या म्हणालेत, पण एका मुलाच्या मावशी तिथे रोज दूध घालतात आणि त्या आम्हाला रांगेत आपल्या शेजारी उभं करणार आहेत.